मटेरियल डेटाबेसमधून ग्रेड कसा निवडावा : नव्या डिझाइन अभियंत्यांसाठी मार्गदर्शक

रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ऐरोलीच्या बाजूला, खाडीलगतच्या एका पंपघराच्या भिंतीवर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा होता आणि त्यासाठी भिंतीतून ६०० मिलिमीटर पुढे येणारे ब्रॅकेट बनवायचे होते. सेन्सर आणि त्याची पेटी मिळून टोकावर १५० न्यूटन भार, म्हणजे साधारण पंधरा किलो वजन येणार होते, आणि टोक २ मिलिमीटरपेक्षा जास्त झुकू नये अशी अट होती. पहिला नमुना २० मिलिमीटर चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे पोलाद) सळईचा केला होता आणि तो ४ मिलिमीटर झुकत होता. मी डेटाबेस उघडला, यील्ड स्ट्रेंथच्या, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो त्याच्या, रकान्याला उतरता क्रम लावला आणि मोठ्या आत्मविश्वासाने ईएन२४ हे जास्त ताकदीचे मिश्र पोलाद सुचवले. फोरमनकाकांनी ड्रॉइंगवर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, लोखंड कुठलंही लावा, वाकायचं तेवढंच वाकणार."

काकांनी यंग मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचे माप) हा शब्द उच्चारला नाही, पण ते त्याबद्दलच बोलत होते. साध्या एमएसचा यंग मॉड्युलस सुमारे २०० गिगापास्कल असतो आणि ईएन२४ चाही जवळपास तेवढाच. उष्णोपचार केल्यावर ईएन२४ ची यील्ड स्ट्रेंथ एमएसच्या कितीतरी पट होते, परंतु झुकाव यील्डवर ठरत नाही. त्या २० मिलिमीटरच्या सळईत ताण ६८ मेगापास्कलच्या आत होता. ताकद कमी पडतच नव्हती. डेटाबेसमधले आकडे सगळे बरोबर होते, मी रकाना चुकीचा निवडला होता.

महापे, तुर्भे, पावणे, तळोजा किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लहान-मध्यम कारखान्यात डिझाइनचे काम नुकतेच हाती आले असेल, आणि ग्रेड निवडून त्याखाली सही करायची वेळ आली की छातीत धडधडत असेल, तर पुढचा क्रम तुमच्या उपयोगी पडेल. संपूर्ण लेखभर मी ते ब्रॅकेटच उदाहरण म्हणून घेतले आहे.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी एवढे ठेवा :

- भागाचे ड्रॉइंग आणि पूर्वीचा भाग बदलायचा असल्यास जुना भाग, शक्यतो तुटलेल्या अवस्थेतलाच
- एक रिकामा कागद आणि एक स्प्रेडशीट
- मोफत डेटाबेसवरची तुमची स्वतःची खाती, कंपनीच्या ईमेलने नोंदवलेली
- संबंधित भारतीय मानके. भारतीय मानक ब्युरोने स्वतः तयार केलेली मानके त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात
- तुमच्या पुरवठादारांनी आजवर दिलेल्या टेस्ट सर्टिफिकेटांची फाइल, म्हणजे शॉपच्या भाषेत टीसीची फाइल

१. डेटाबेस उघडण्यापूर्वी गरज कागदावर उतरवा

ही पायरी गाळण्याचा मोह सर्वांना होतो. कागदावर चार ओळी लिहा : भागाचे काम काय, कोणत्या अटी मोडून चालणार नाहीत, कोणती गोष्ट शक्य तितकी कमी किंवा जास्त हवी, आणि कोणती मापे बदलण्याची तुम्हाला मोकळीक आहे. आमच्या ब्रॅकेटसाठी हे असे होते. काम : टोकावरचा भार पेलणारी, एका बाजूने भिंतीत धरलेली तुळई. अटी : लांबी ६०० मिलिमीटर, झुकाव २ मिलिमीटरच्या आत, पावसाळ्यासकट बारा महिने उघड्यावर, खाडीचा खारा वारा. कमी हवे ते : वजन, कारण शिडीवर उभे राहून एकट्या माणसाला ते बसवायचे होते. मोकळीक : छेदाचा आकार आणि जाडी.

यातली चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण तिसऱ्या पायरीतले सगळे गणित तिच्यावर उभे आहे. तिच्या खाली आणखी दोन नोंदी करा : नग किती लागणार आणि भाग वेल्ड होणार, मशीन होणार की ओतला जाणार. आम्हाला फक्त सहा नग हवे होते, त्यामुळे खास डाय बनवून घेण्याचा पर्याय तिथल्या तिथे बाद झाला.

२. कोणत्या कामाला कोणता डेटाबेस, हे ठरवा

सर्व डेटाबेस एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. मॅटवेब हा मोफत वापरता येणारा आणि लाखाहून अधिक डेटाशीट असलेला संग्रह पहिल्या चाळणीसाठी उत्तम आहे; धातू, प्लास्टिक, सिरॅमिक सगळे एका ठिकाणी मिळते. प्लास्टिकसाठी मात्र कॅम्पस पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन कच्चामाल उत्पादकांनी एकत्र येऊन तो सुरू केला आणि त्याचे खरे बळ असे की सर्व उत्पादक आयएसओच्या ठरलेल्या पद्धतीनेच चाचणी करून आकडे देतात, त्यामुळे एका कंपनीचे नायलॉन दुसऱ्या कंपनीच्या नायलॉनशी प्रामाणिकपणे ताडता येते. तापमान जास्त असेल आणि क्रीप (सततच्या भाराखाली हळूहळू ताणले जाणे) किंवा फटीग (पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने थकून तुटणे) यांचा प्रश्न असेल, तर जपानच्या निम्स संस्थेच्या मॅटनॅव्हीतली दीर्घकालीन चाचण्यांची पत्रके पाहावीत. तीही नोंदणी करून मोफत पाहता येतात.

विकतच्यांपैकी ग्रँटा सिलेक्टर हे मुख्यतः तुलना आणि निवड करण्याचे साधन आहे. केंब्रिजचे मायकेल ॲशबी आणि डेव्हिड सेबॉन यांनी सुरू केलेली ग्रँटा ही कंपनी २०१९ पासून अन्सिसकडे आहे. तुमच्या महाविद्यालयात त्याची शैक्षणिक आवृत्ती असू शकते, पण तो परवाना शिकण्यापुरता असतो. कारखान्याच्या कामासाठी तो वापरू नका. टोटल मटेरिया हे प्रामुख्याने वेगवेगळ्या देशांच्या मानकांतले समकक्ष ग्रेड शोधण्यासाठी उपयोगी आहे. विमानाच्या भागांसाठी एमएमपीडीएस हा अमेरिकन संदर्भग्रंथ लागतो. त्याचे वैशिष्ट्य चौथ्या पायरीत येईल.

हल्ली नवे पदवीधर मटेरियल्स प्रोजेक्टवरचे आकडेही घेऊन येतात. तो अतिशय मोलाचा संग्रह आहे, परंतु त्यातले बहुतांश गुणधर्म क्वांटम यामिकीच्या गणिताने, दोषरहित स्फटिकासाठी काढलेले असतात. नव्या बॅटरीचे द्रव्य शोधणाऱ्यासाठी ते सोने आहे. कळंबोलीहून आणलेल्या पट्टीची यील्ड स्ट्रेंथ तिथे शोधू नये.

३. आधी चाळा, मग क्रम लावा

चाळणे म्हणजे अटींत न बसणारे सरळ बाहेर काढणे : कमाल वापर-तापमान, वेल्ड होते की नाही, पाणी शोषते की नाही. उरलेल्यांचा क्रम मात्र एका गुणधर्मावर न लावता गुणधर्मांच्या जोडीवर लावायचा असतो. ॲशबींच्या पद्धतीत या जोडीला मटेरियल इंडेक्स म्हणतात. ओढली जाणारी सळई ताठ आणि हलकी हवी असेल तर यंग मॉड्युलस भागिले घनता पाहतात. वाकणारी तुळई ताठ आणि हलकी हवी असेल आणि छेद आकार न बदलता लहानमोठा करायला मोकळा असेल तर यंग मॉड्युलसचे वर्गमूळ भागिले घनता. आणि रुंदी ठरलेली, फक्त जाडी मोकळी असलेला पत्रा असेल तर घनमूळ भागिले घनता.

आमच्या ब्रॅकेटला दुसरा इंडेक्स लागू होतो. एमएस : २०० चे वर्गमूळ १४.१, भागिले ७.८५, म्हणजे १.८. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) : १९३ चे वर्गमूळ १३.९, भागिले ८, म्हणजे १.७. ॲल्युमिनियम : ६९ चे वर्गमूळ ८.३, भागिले २.७, म्हणजे ३.१. याचा अर्थ तेवढ्याच ताठपणाला भरीव ॲल्युमिनियमचे वजन एमएसच्या सुमारे ५८ टक्के भरेल. प्रत्यक्ष आकडे काढले तेव्हा २ मिलिमीटर झुकावासाठी एमएसची भरीव चौकोनी सळई साधारण २४ मिलिमीटरची आणि २.७ किलोची निघाली, तर ॲल्युमिनियमची ३१ मिलिमीटरची आणि १.६ किलोची.

इथे दोन सापळे आहेत. पहिला असा की ॲल्युमिनियमची सळई तीस टक्के जाड झाली. जागा ठरलेली असती, म्हणजे २४ मिलिमीटरच्या भोकातूनच ती जायची असती, तर वजनाचा प्रश्न बाजूला पडून फक्त यंग मॉड्युलस पाहावा लागला असता आणि एमएसच जिंकले असते. म्हणून चौथी ओळ. दुसरा सापळा मला अधिक महत्त्वाचा वाटतो : मटेरियल बदलण्याच्या नादात आकार बदलायचा राहून जातो. ४० मिलिमीटरची, २ मिलिमीटर जाडीची एमएसची पोकळ चौकोनी नळी घेतली तर वजन १.४ किलो आणि झुकाव ०.७४ मिलिमीटर, म्हणजे भरीव ॲल्युमिनियमपेक्षा हलकी आणि कितीतरी ताठ. कोणताही डेटाबेस हे आपणहून सांगत नाही, कारण त्याला तुमचा छेद माहीत नसतो. ॲल्युमिनियमच्या त्याच नळीचा झुकाव २.१ मिलिमीटर येतो, म्हणजे अट थोडक्यात मोडते. जाडी ३ मिलिमीटर केली की १.५ मिलिमीटर झुकाव आणि वजन ०.७ किलो.

४. डेटाशीट तळटीपांसकट वाचा

या पायरीला वेळ द्या, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि त्या दिसत नाहीत.

६०६१-टी६ ॲल्युमिनियमचे पान उघडा. यील्ड स्ट्रेंथ २७६ मेगापास्कल आणि टेन्साइल (तुटेपर्यंतची कमाल ताकद) ३१० मेगापास्कल असे आकडे ठिकठिकाणी दिसतात. ही सर्वसाधारण मूल्ये आहेत, म्हणजे चांगला माल साधारणपणे एवढा भरतो. अमेरिकन मानकात टी६ पत्र्यासाठी मान्य असलेली किमान मूल्ये सुमारे २४० आणि २९० आहेत. पुरवठादाराने २४५ यील्डचा माल पाठवला तर तो मानकाप्रमाणे उत्तीर्ण असतो आणि तुमचे २७६ वर बेतलेले गणित चुकते. नियम साधा आहे : चाळण्यासाठी सरासरी मूल्य चालते, डिझाइनच्या गणितासाठी किमान मूल्यच घ्यावे. एमएमपीडीएसमध्ये हा फरक अक्षरांनी दाखवतात. ए-बेसिस म्हणजे ९५ टक्के विश्वासाने सांगता येते की किमान ९९ टक्के माल त्या आकड्याच्या वर असेल, बी-बेसिस म्हणजे त्याच विश्वासाने किमान ९० टक्के, आणि एस-बेसिस म्हणजे मानकात लिहिलेले किमान मूल्य. सामान्य यंत्रभागांना एवढ्या खोलात शिरावे लागत नाही, पण आकडा कोणत्या जातीचा आहे हे विचारण्याची सवय तिथूनच घ्यावी.

आता त्याच पानावरचा टी६, म्हणजे उष्णोपचाराची स्थिती सांगणारा, हा भाग पाहा. तोच मिश्रधातू ओ स्थितीत, म्हणजे मऊ केलेला, घेतला तर यील्ड स्ट्रेंथ ५५ मेगापास्कलच्या आसपास असते. नाव तेच, ताकद पाचवा हिस्सा. आणि टी६ वेल्ड केला की वेल्डशेजारचा पट्टा त्याची बरीचशी ताकद गमावतो, म्हणून वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीत ६०६१ च्या जोडासाठी १६५ मेगापास्कल एवढीच टेन्साइल धरली जाते. डेटाशीटवर ३१० पाहून ब्रॅकेट वेल्ड करणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

फटीगची ओळ तर भिंगाखाली धरावी. ६०६१-टी६ समोर ९६.५ मेगापास्कल असे दिसते. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा आकडा ५० कोटी आवर्तनांचा, पूर्ण उलटसुलट ताणाचा आणि मूर यंत्रावर फिरवलेल्या गुळगुळीत नमुन्याचा आहे. तुमच्या भागाला खाच असेल, भोक असेल, वेल्ड असेल किंवा पृष्ठभाग खडबडीत असेल, तर तो आकडा तसाच उचलता येत नाही.

जाडीचाही आकड्यांवर परिणाम होतो. आयएस २०६२ मधला ई२५० हा ग्रेड नावाप्रमाणे २५० मेगापास्कलचा असतो तो २० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीत. २० ते ४० मध्ये किमान २४० आणि त्याच्या वर २३०. ईएन२४ सारख्या उष्णोपचाराच्या पोलादात हा परिणाम फारच मोठा असतो, कारण जाड शाफ्टचा गाभा पातळ सळईइतक्या वेगाने थंड होत नाही. डेटाशीटवर छेदाचे माप दिलेले नसेल तर तो आकडा लहान नमुन्याचा आहे असे धरून चालावे. एलाँगेशनची (तुटेपर्यंत नमुना किती टक्के लांबतो त्याची) तुलना करताना नमुन्याची मोजलांबी, म्हणजे ज्या लांबीवर ते मोजले ती, एकच आहे ना हे पाहावे. वेगवेगळ्या मोजलांबीचे टक्के शेजारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. मॅटवेबवर काही पाने एकेका ग्रेडची नसून अख्ख्या गटाचा आढावा घेणारी असतात. तिथे घनता ते टेन्साइल सगळे पल्ले दिलेले असतात आणि त्यांची सरासरीही. सरासरीचा तो ग्रेड कुठल्याही बाजारात मिळत नाही.

५. एकके तपासल्याशिवाय आकडा स्प्रेडशीटमध्ये चढवू नका

एक न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजेच एक मेगापास्कल. जुन्या ड्रॉइंगवरचा किलो प्रति चौरस मिलिमीटरचा आकडा ९.८१ ने गुणावा आणि अमेरिकन केएसआयचा (हजार पौंड प्रति चौरस इंच) ६.८९५ ने. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. फसगत होते ती प्रसरणात. ॲल्युमिनियमचा प्रसरण गुणांक अंश सेल्सिअसला २३.६ मायक्रोमीटर प्रति मीटर आहे. अमेरिकन पानावर तोच अंश फॅरनहाइटला १३.१ असा असतो. घाईत १३.१ उचलला की ॲल्युमिनियम आणि पोलाद, ज्याचा गुणांक १२ च्या आसपास असतो, जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात असे वाटते आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसवलेली जोडणी अडकून बसते. जर्मन पत्रकांत दशांश चिन्हाऐवजी स्वल्पविराम असतो हेही लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या आयझॉड (आघात सहन करण्याच्या) चाचणीचे जूल प्रति मीटर आणि किलोजूल प्रति चौरस मीटर यांची सरळ अदलाबदल होत नाही. तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे शोधा.

६. ग्रेडच्या नावांचे कोडे सोडवा

आपल्या शॉपमध्ये ईएन८, ईएन१९, ईएन२४, ईएन३१ ही नावे रोज कानावर पडतात. ती जुन्या ब्रिटिश मानक ९७० मधली आहेत आणि ब्रिटनमध्येही केव्हाच मागे पडली. आपल्याकडे मात्र ठणठणीत आहेत. युरोपीय मानकांच्या नावापुढेही ईएन हीच अक्षरे लागतात, त्यामुळे शोधखिडकीत नुसते ईएन८ टाकले की भलतेच काही समोर येते. ०८०एम४० किंवा १०४० असे शोधा, आणि ईएन२४ साठी ८१७एम४०. ईएन२४ चा जवळचा अमेरिकन ग्रेड ४३४० मानला जातो, परंतु ४३४० मध्ये निकेल थोडे जास्त असते. समकक्ष याचा अर्थ तंतोतंत तेच असा घेऊ नये. रासायनिक घटकांचे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत.

ॲल्युमिनियममध्ये तर एकाच मालाची तीन नावे चालतात. दुकानदार एचई९ म्हणतो, जुने भारतीय मानक ६३४०० म्हणते आणि डेटाबेसमध्ये ते ६०६३ असते. तसेच एचई२० म्हणजे ६५०३२ म्हणजे ६०६१, आणि एचई३० म्हणजे ६४४३० म्हणजे ६०८२. हा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा. माझ्याकडे तो अजूनही तिथेच आहे.

७. प्लास्टिक असेल तर पावसाळा धरून गणित करा

एका कन्व्हेयरसाठी मी नायलॉन ६६ चे बुश मे महिन्यात मशीन करून घेतले होते, २० मिलिमीटर भोक आणि ०.१ मिलिमीटरची फट. जुलैच्या मध्यावर शाफ्ट फिरेना. बुश काढून मापले तर भोक आवळले होते. नायलॉन ६६ हवेतले पाणी शोषते. पूर्ण भिजले तर वजनाच्या आठ टक्क्यांच्या वर, आणि ५० टक्के आर्द्रतेतही अडीच टक्क्यांच्या आसपास. माप तर वाढतेच, शिवाय ताठपणाही जवळपास निम्म्यावर येतो. कॅम्पसमध्ये म्हणूनच नायलॉनच्या प्रत्येक गुणधर्मापुढे दोन आकडे असतात, एक कोरड्या नमुन्याचा आणि दुसरा आर्द्रता शोषलेल्या नमुन्याचा. मी पहिला वाचला होता. दुसराही ५० टक्के आर्द्रतेचा असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवा ८० टक्क्यांच्या वर असणे ही रोजचीच गोष्ट असल्यामुळे मी आता दुसऱ्यापेक्षाही थोडे वाईट धरते. माप टिकणे महत्त्वाचे असेल तर ॲसिटाल पाहा, त्याचे पाणी शोषणे एक टक्क्याच्या आत राहते.

हीट डिफ्लेक्शन तापमान, म्हणजे ठरावीक भाराखाली नमुना ठरावीक माप वाकतो ते तापमान, हे वापरण्याचे तापमान समजू नये. ती थोड्या वेळाची चाचणी आहे. वर्षानुवर्षे त्या तापमानाला भाग टिकेल असे ती म्हणत नाही.

८. गंजाचे शेरे बाजूला ठेवा, आकडे शोधा

पुष्कळ डेटाबेसमध्ये गंजरोधकतेसमोर 'चांगली', 'उत्कृष्ट' असे शेरे असतात. कोणत्या हवेत, हे तिथे लिहिलेले नसते. स्टेनलेससाठी मी क्रोमियमचे टक्के, अधिक ३.३ पट मॉलिब्डेनम, अधिक १६ पट नायट्रोजन ही बेरीज करून पाहते. ३०४ ची १८ ते २० च्या घरात येते, ३१६ ची २४ च्या आसपास आणि २२०५ ड्युप्लेक्सची ३५ च्या. क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांविरुद्ध कोण किती टिकेल याचा तो ढोबळ क्रम आहे, आणि खाडीकाठी ३०४ वर तपकिरी डाग का पडतात ते यातून कळते.

जस्त चढवलेल्या लोखंडासाठी, हवा किती गंजवणारी आहे हे सांगणाऱ्या आयएसओ ९२२३ च्या श्रेणी उपयोगी पडतात. सी४ श्रेणीत जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रोमीटर झिजते, सी५ मध्ये ४.२ ते ८.४. आमच्या २ मिलिमीटर जाडीच्या नळीवर गरम जस्ताचा सरासरी ५५ मायक्रोमीटर थर अपेक्षित होता. सी४ ची वरची मर्यादा धरली तर तेरा वर्षे. सी५ ची वरची मर्यादा धरली तर साडेसहा. दर सात वर्षांनी पंपघरावर शिडी लावायची तयारी कोणाची नव्हती, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमच्या नळीकडे वळलो.

९. बाजारात फोन करा आणि टीसी वाचा

ग्रेड कागदावर ठरला की कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या पुरवठादाराकडे चौकशी करा, आणि हे डिझाइन गोठवण्यापूर्वी करा. मी ६०६१ ची नळी मागितली तेव्हा सगळीकडून एकच उत्तर आले : नळीत ६०६३ मिळेल. खिडक्या-दारांच्या सेक्शनांमुळे ६०६३ सर्वत्र असते. त्याची किमान यील्ड स्ट्रेंथ १७० मेगापास्कल, म्हणजे ६०६१ पेक्षा बरीच कमी. पण आमच्या नळीतला ताण १८ मेगापास्कल होता आणि यंग मॉड्युलस दोन्हींचा तोच ६९. काकांचे वाक्य इथे दुसऱ्यांदा कामाला आले.

माल घेताना टीसी मागा आणि ती कोणत्या प्रकारची हवी तेही ऑर्डरवर लिहा. युरोपीय मानक १०२०४ प्रमाणे ३.१ प्रकारात प्रत्यक्ष त्याच मालाच्या चाचणीचे निकाल असतात आणि उत्पादकाच्याच, पण उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही असते, २.२ मधले निकाल त्याच मालाचे असतीलच असे नाही. टीसीवरचा हीट नंबर (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) आणि मालावर मारलेला हीट नंबर जुळतो का ते स्वतः पाहा. कापून दिलेल्या तुकड्यावर नंबर नसेल तर टीसी कितीही सुंदर असली तरी ती त्या तुकड्याची आहे असे म्हणता येत नाही.

स्टेनलेसला चुंबक लावून पारख करणाऱ्यांवर विसंबू नका. २०२ सारखे कमी निकेलचे स्वस्त ग्रेडही ३०४ प्रमाणेच चुंबकाला चिकटत नाहीत, आणि अस्सल ३०४ सुद्धा थंड अवस्थेत वाकवलेल्या कोपऱ्यावर किंचित चिकटते. हातात धरायच्या, क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने २०२ आणि ३०४ लगेच वेगळे कळतात. मात्र त्या यंत्राला कार्बन दिसत नाही, त्यामुळे ३०४ की ३०४एल, किंवा एमएस की ईएन८, हा वाद त्याने मिटत नाही. त्यासाठी तुकडा कापून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो चाचणीला द्यावा लागतो.

१०. प्रत्येक आकड्याची कुळकथा लिहून ठेवा

स्प्रेडशीटमध्ये आकड्याच्या पुढे पाच रकाने करा : कुठून घेतला, कोणत्या तारखेला, सरासरी की किमान, कोणत्या स्थितीचा आणि जाडीचा, आणि कोणी तपासला. डेटाबेसमधली पाने बदलतात, म्हणून पानाची प्रतही जपून ठेवा. सहा महिन्यांनी ग्राहकाच्या तपासनिसाने विचारले की हाच आकडा का घेतला, तर आठवणीवर विसंबावे लागत नाही.

ब्रॅकेटची आमची नोंद अशी आहे : ६०६३-टी६, चौकोनी नळी ४० गुणिले ४० गुणिले ३, ॲनोडाइज केलेली, वेल्ड नाही, बोल्ट ३१६ चे, मध्ये नायलॉनचे वॉशर, भिंतीचे ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाते म्हणून पाठीमागे रबराची पट्टी. गणिताने झुकाव १.५ मिलिमीटर, डायल गेजवर मोजलेला १.८. वरचे ०.३ कुठून आले याचा शोध घेतला तेव्हा भार देताना ती रबराची पट्टी दबत असल्याचे आढळले, आणि तिचा आकडा मी कुठल्याच डेटाबेसमध्ये पाहिला नव्हता.